‘द पोर्टर’ मालिकेत रेल्वे कुठे आहे?

रूळजोड
मालिकांच्या धाग्यावर काल एकाने ‘द पोर्टर’ ही कॅनेडियन मालिका निकालात काढली. तिच्यातले पोर्टर म्हणजे रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यात उतारूंची सेवा करणारे कृष्णवर्णीय नोकर. म्हणे १९२१ च्या माँट्रियलमधले पोर्टर युनियनची भाषा बोलतात हा कल्पनाविलास आहे. पोर्टरांची युनियन १९२५ मध्ये न्यूयॉर्कला रँडॉल्फ या कृष्णवर्णीय कामगार नेत्याने काढली, तोवर हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. याला दोन ओळींत उत्तर देता येत नाही, म्हणून वेगळा धागा.

कॅनडात ही लढाई आधी पेटली. ऑर्डर ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स ही पोर्टरांची युनियन १९१७ मध्ये विनिपेगला उभी राहिली, जॉन रॉबिन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती काढली. कारण उघड होतं: कॅनेडियन ब्रदरहूड या रेल्वे कामगारांच्या मोठ्या युनियनच्या घटनेतच फक्त गोऱ्यांना सभासद करण्याचं कलम होतं. १९१९ मध्ये या ऑर्डरने कॅनेडियन नॉर्दर्न या रेल्वे कंपनीकडून करार मिळवला. रँडॉल्फच्या युनियनला अमेरिकेत झोपण्याचे डबे चालवणाऱ्या पुलमन कंपनीची सही मिळायला १९३७ उजाडलं. उलट कॅनेडियन पॅसिफिक या दुसऱ्या रेल्वे कंपनीने १९२० च्या सुमारास युनियनवाल्या पोर्टरांना थेट घरी बसवलं. म्हणजे १९२१ मध्ये मालिकेतला पोर्टर झीक युनियनसाठी धडपडतो आणि बाकीचे नोकरीच्या भीतीने मागे सरतात, हे अगदी त्या काळातलं आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. चित्रण विनिपेगमध्ये झालं, कथा मात्र माँट्रियलभोवती फिरते. ज्या गावात युनियन जन्मली त्याला दुसऱ्या गावाचे कपडे घालून उभं केलं. आणि आठ भागांत प्रत्यक्ष काम किती दिसतं? मला दारूचे व्यवहार आणि क्लबमधली गाणीच जास्त दिसली.

तिकीटखिडकी
इतिहासाबद्दल मान्य, दारूबद्दल नाही. अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी होती, क्वेबेकमध्ये दारू मिळत होती, आणि दर आठवड्याला सीमा ओलांडणारा, डब्याचा कोपरान् कोपरा ठाऊक असलेला माणूस म्हणजे पोर्टर. मालिकेतला दुसरा पोर्टर ज्युनियर तस्करीत शिरतो ते त्याच्या नोकरीमुळेच शक्य होतं. क्लबचंही तसंच. माँट्रियलचा प्रसिद्ध रॉकहेड्स पॅराडाइज १९२८ मध्ये उघडला, तो एका माजी पोर्टरने. विंडसर आणि बोनाव्हेंचर या स्टेशनांच्या आसपासच पोर्टरांची वस्ती होती. क्लब, चर्च, युनियनची बैठक, सगळं त्याच गल्ल्यांत. हे काढून टाकलंत तर मालिकेत नुसता डबा उरेल.

रूळजोड
डबाच बघायचा होता मला! नेहमीच्या डब्यात बारा सेक्शन, म्हणजे समोरासमोरच्या सीटांचे कप्पे, आणि त्यांत चोवीस बर्थ. रात्री समोरासमोरच्या दोन सीटा एकमेकींकडे ओढायच्या, पाठी खाली पाडायच्या, की झाला खालचा बर्थ. मग भिंतीतला वरचा बर्थ किल्लीने उघडून उतरवायचा. गाद्या, उशा, पडदे दिवसभर त्याच्या पोटात असतात. दोन सेक्शनांमध्ये फळी बसवायची, दांडीवर जाड पडदे लावायचे. हे सगळं हलत्या गाडीत, अरुंद बोळातून उतारू ये-जा करत असताना, आणि कोणी पत्ते खेळत बसला असेल तर त्याच्या मर्जीने थांबून. सकाळी तेच उलट्या क्रमाने.

रात्री जोडे गोळा करायचे, तळव्यावर खडूने बर्थचा नंबर लिहायचा, पॉलिश करून परत ठेवायचे. नंबर पुसला की पहाटे उतरणाऱ्याच्या पायात दुसऱ्याचा जोडा, आणि तक्रार पोर्टरवर. टॉवेल हरवला तर पगारातून कापला. झोप म्हणजे धूम्रपानाच्या खोलीतल्या कोचावर मिळेल ती, तीही शेवटचा उतारू उठून गेल्यावर.

पुलमनकडे पूर्ण पगाराची अट महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल. खरी मेख मैलांत आहे. गाडी सुटायच्या आधी डबा लावायचा, उतारूंना चढवायचं, त्या तासांत मैल शून्य. गाडी बर्फात अडकली तरी मैल शून्य. १९२६ च्या पाहणीत अमेरिकेतल्या पोर्टरचा सरासरी पगार ७२.५० डॉलर, बक्षिसी ५८.१५ आणि स्वतःच्या खिशातून जेवण-पॉलिश-गणवेशाचा खर्च साधारण ३३ निघाला. बक्षिसीशिवाय घर चालत नाही, म्हणून कोणीही ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारली तरी हसायचं. पुलमनसाहेबाचं नाव जॉर्ज, म्हणून त्याचे सगळे नोकर जॉर्ज! यातलं नाट्य कोणत्या गोळीबारापेक्षा कमी आहे?

मनमाड_जंक्शन
मराठी माणसाने ही मालिका बघताना १२-१३ फेब्रुवारी १९३८ आठवायला हवा. मनमाडला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद झाली, अध्यक्ष बाबासाहेब. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी तिथेच सांगितलं. त्याच भाषणात पोर्टरचा मुद्दा आहे. अस्पृश्याला पोर्टरचीही नोकरी मिळत नव्हती, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागत आणि मास्तर त्याला घरात घेणार नाही. म्हणून जन्मभर रुळांवर राबणारा गँगमन, बढती नाही.

एकजूट
मनमाडचा पोर्टर स्टेशनवरचा, मालिकेतला झोपण्याच्या डब्यातला. दोन्ही नोकऱ्या वेगळ्या आहेत. आणि वेगळी युनियन काढली की मालक खूश होतो हे विसरू नका. एका वर्कशॉपमध्ये जातवार चार संघटना झाल्या की संपाची नोटीस कोण देणार?

मनमाड_जंक्शन
फोडण्याचा आरोप तेव्हाही झाला होता, आणि तो करणारे कोण होते ते बघा. गिरण्यांत विणखात्याचा पगार जास्त. तिथे मागावर आडवा धागा नेणारा धोटा भरताना धागा तोंडाने ओढायचा, म्हणून अस्पृश्याला त्या खात्यात घ्यायला सवर्ण कामगारांचाच विरोध. १९२८ च्या संपात हा प्रश्न बाबासाहेबांना उपस्थित करावा लागला. अमेरिकेत १८९४ चा पुलमन संप हरला. तो करणाऱ्या युनियनने कृष्णवर्णीयांना सभासदच केलं नव्हतं. दार आतून लावून घ्यायचं आणि बाहेर उभ्या राहिलेल्याला फुटीर म्हणायचं! वेगळेपणाचं प्रवचन आधी दार लावणाऱ्यांना द्या.

एकजूट
प्रवचन कोणी दिलं? पण कॅनडातच पुढे काय झालं ते सांगा की. त्या कॅनेडियन ब्रदरहूडने गोऱ्यांचं कलम काढलं, पोर्टर आत आले.

रूळजोड
आले, पण वेगळ्या शाखेत आणि वेगळ्या ज्येष्ठता यादीत. पोर्टर एका गटात, कंडक्टर आणि डायनिंग कारचे दुसऱ्या गटात. गट बदलला की आधीची सगळी ज्येष्ठता शून्य. वीस वर्षं पोर्टर असलेला माणूस कंडक्टर व्हायला गेला तर कालच्या गोऱ्या पोराच्या खाली, आणि कपात आली की पहिला बाहेर. म्हणून कोणी जातच नसे. कॅनेडियन नॅशनल रेल्वेमध्ये या याद्या १९६४ मध्ये एक झाल्या. कॅनेडियन पॅसिफिकमध्ये रँडॉल्फच्या युनियनने १९४५ ला करार केला, मग १९५३ च्या रोजगार कायद्याखाली तक्रार लढवली, तेव्हा कुठे १९५५ मध्ये पहिला कृष्णवर्णीय कंडक्टर नेमला गेला. गोऱ्यांच्या दयेवर नाही, वेगळ्या युनियनच्या जोरावर.

एकजूट
ज्येष्ठता यादीचा मुद्दा मला मानावा लागतो. बढतीची शिडीच तोडली असेल तर एकत्र युनियनला अर्थ नाही. पण १९३७ चा करार रँडॉल्फला रेल्वे कामगार कायद्यातल्या १९३४ च्या दुरुस्तीमुळे आणि १९३५ मध्ये एएफएल या अमेरिकेतल्या कामगार महासंघाची सनद मिळाल्यामुळे शक्य झाला. मोठ्या महासंघात शिरूनच ४०० तासांचे २४० झाले. एवढं तुम्हीही माना.

मनमाड_जंक्शन
आधी स्वतःची ताकद, मग महासंघ. या क्रमाने असेल तर मानतो. बाबासाहेबांनीही १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर संप केलाच की.

उत्तररात्र
तुमच्या वादात मालिकेतल्या बायका गायब झाल्या. पोर्टर आठवडाभर गाडीवर असायचे तेव्हा ती वस्ती कोणी चालवली? माँट्रियलचा कलर्ड विमेन्स क्लब १९०२ चा. ज्युनियरची बायको मार्लीन ज्या ब्लॅक क्रॉस नर्सेसमध्ये आहे ती मार्कस गार्वी या कृष्णवर्णीय नेत्याच्या चळवळीची खरी शाखा होती. माझ्या मते तिचं कथानक झीकपेक्षा चांगलं लिहिलंय.

तिकीटखिडकी
मार्लीनबद्दल शंभर टक्के. कॅनेडियन स्क्रीन अवॉर्ड्समध्ये २०२३ ला बारा पुरस्कार, तरी एका सीझनवर बंद पडली. रूळजोड, तुम्हाला हवा असलेला डबा कदाचित पुढच्या सीझनमध्ये आला असता.

रूळजोड
आठ भाग हातात होते. एका भागात तरी पूर्ण रात्र दाखवायची, शेवटचा पडदा लागल्यापासून पहाटेच्या पहिल्या घंटीपर्यंत. दारूची पेटी त्यातच लपवली असती तरी चाललं असतं.