मदत हवी आहे: गाणंबंदीच्या राज्यात घंटा वाजतेय

सोसायटीतली मुलं सुट्टीत मोबाइलवर छोटी फिल्म करतायत. राजाने गाण्यावर बंदी घातलीय आणि एका मुलीला आईच्या जात्याच्या घरघरीत सूर सापडतो, अशी गोष्ट. गोदाघाटावर पहाटे शूट केलं, तर प्रत्येक टेकमध्ये देवळाची घंटा. बंदीच्या राज्यात! आवाज गाळणारं फुकट ॲप लावलं; घंटा गेली, पण संवाद डब्यातून आल्यासारखे येतात. कॉलर माइक एकच आहे. पूर्ण डबिंग नको, सात वर्षांची पोरं ओठ जुळवत बसणार नाहीत. पांडवलेणी संरक्षित स्मारक, परवानगीत सुट्टी संपेल. नाशिकपासून तासाभरात दगडी बांधकामाची, खरंच शांत, मुलांना सुरक्षित आणि फुकटात मिळणारी जागा कुठे आहे?