काडतुसं भरताना सीटिंगची (गोळी केसमध्ये बसवण्याची) लांबी जमत नाही, पिना मोडतात. प्रेस बदलावा का?

नवा_हात:
.308 विंचेस्टर ही रायफलची काडतुसं वापरलेल्या केसेसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळ्यांमध्ये) पुन्हा भरतो, साधा सिंगल स्टेज (एका वेळी एकच काम करणारा) प्रेस आहे. सीटिंग डाय (गोळी बसवणारा साचा) लॉक करून एका बैठकीत भरलेली काडतुसं मोजली, तर एकूण लांबीत पाव मिलिमीटरपर्यंत फरक सापडतो. गोळ्या ओपन टिप मॅच, म्हणजे टोकाला बारीक भोक असलेल्या, नेमबाजीच्या. केसेस मिसळीच्या, काही एकाच कंपनीच्या तर काही लष्करी सरप्लसच्या. त्यात डीकॅपिंग पिना (जुना प्रायमर, म्हणजे केसच्या बुडातली पेट घेणारी टोपी, बाहेर ढकलणाऱ्या) सारख्या मोडताहेत. रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा दांडा) ढिला झालाय असं वाटतं. नवा प्रेस घ्यायचा तर कसला घ्यावा?

पितळी:
पैसे खिशातच ठेवा. भरलेलं काडतूस बाजूला ठेवून आधी दहा सुट्या गोळ्या कॅलिपरने मोजा. फरक तिथेच दिसला तर प्रेस निर्दोष.

ओपन टिप गोळीचं टोक प्रत्येकीचं जरा वेगळं असतं. सीटिंग स्टेम (डायमधला गोळी दाबणारा दांडा) टोकाला नाही, त्याच्या खालच्या वळणाला, म्हणजे ओजाइव्हला दाबतो. डाय एका जागेवरून काम करते आणि तुम्ही दुसऱ्याच जागेवरून मोजता, मग आकडे जुळणार कसे? कॅलिपरला कंपॅरेटर (ओजाइव्हवर टेकणारी जोडणी) बसवा आणि ओजाइव्हवर मोजा. एकूण लांबी फक्त मॅगझिनमध्ये मावतं की नाही हे पाहायला.

ओजाइव्हवरही फरक आला तर स्टेमचा आकार तुमच्या गोळीशी जुळतो का पाहा. गोळीवर गोल ओरखडा उठत असेल तर नाही जुळत. दुसरा संशय मिसळीच्या केसेसवर. मानेची जाडी वेगळी, पितळ किती वेळा उडवलंय तेही वेगळं, त्यामुळे गोळी कुठे सहज जाते, कुठे अडते. हेडस्टॅम्प (केसच्या बुडावरचा ठसा) पाहून ढीग वेगळे करा. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मी दुखणी तिथेच संपतात.

बॅटरीवाला:
पिनांचं उत्तर सरप्लसमध्ये आहे. टॉर्च घेऊन केसच्या तोंडातून तळाशी पाहा. मधोमध एक भोक असेल तर बॉक्सर, चालेल. दोन बारीक भोकं असतील तर बर्डन. मधली पिन थेट पितळावर आपटते आणि जाते. बर्डन केसेस बाजूला काढा, नेहमीच्या डायवर त्यांचा काही उपयोग नाही.

सरप्लस बॉक्सर केसेसना बहुधा प्रायमरभोवती क्रिंप (दाबून घट्ट केलेली कड) असतो. जुना प्रायमर काढताना जोर लागतो आणि नवा बसवताना चिरडतो. पॉकेट (प्रायमरचा खळगा) स्वेज करा, म्हणजे दाबून मोकळं करा, किंवा रीमरने क्रिंप काढा. अडलेला प्रायमर जोर लावून दाबू नका, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

लोखंडे_नव्हे_लोखंड:
पितळींशी बराचसा सहमत, पण रॅमला एवढ्यात सोडू नका. शेल होल्डरच्या (प्रेसवर केस धरणाऱ्या तुकड्याच्या) खाचेत पितळाचा चुरा किंवा वाळलेलं वंगण साचलं की केस तिरकी बसते. ते पुसा, रॅम साफ करून हलकं तेल द्या, डायचा लॉक रिंग तपासा. आणि हँडल प्रत्येक वेळी त्याच वेगाने, पूर्ण खाली न्या.

नवा_हात:
सुट्या गोळ्यांतच फरक निघाला, जवळपास तेवढाच. सरप्लसमध्ये दोन भोकांच्या केसेसही सापडल्या. मंडळी, आभार. आता आणखी एक: पावडर मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याचं शून्य सरकतं. पॅन रिकामा असताना कधी 0.2 ग्रेन, कधी उणे.

पितळी:
हे आधी विचारायला हवं होतं, पहिल्या दोन्ही तक्रारींपेक्षा हे गंभीर आहे. 1 ग्रेन म्हणजे जेमतेम 0.065 ग्रॅम, त्यामुळे पंख्याची झुळूकही काट्याला पुरते. काटा सुरू करून निदान अर्धा तास तापू द्या. टेबल सपाट हवं, पंखा आणि एसी बंद, मोबाइल लांब. प्लास्टिकच्या पॅनवर स्थिर विद्युत साचते, म्हणून धातूचा पॅन वापरा.

मग प्रमाणित चेक वजनं ठेवून पाहा, तीही तुमच्या चार्जच्या (एका काडतुसातल्या पावडरच्या वजनाच्या) आसपासची. 20 ग्रॅमवर कॅलिब्रेट केलेला काटा 2-3 ग्रॅमवर खोटं बोलत नाही, असं गृहीत धरू नका. दर थोड्या वेळाने पॅन उचला आणि रिकाम्या काट्याचा उणे आकडा (पॅनच्या वजनाइतका) तोच येतो का बघा.

बॅटरीवाला:
+1. एक साधा बीम (दांडीचा) काटाही जवळ ठेवा. हळू चालतो, पण बॅटरी उतरली म्हणून फसवत नाही. फक्त त्याची दांडी ज्या धारेवर टेकते तिथे धूळ बसू देऊ नका.

नवा_हात:
शून्य सरकत असताना भरलेली काडतुसं आहेत, त्यांचं काय करू? सगळी वजन करून वेगळी काढता येतील का?

लोखंडे_नव्हे_लोखंड:
नाही. केस आणि गोळी यांच्या वजनातला फरक पावडरमधल्या फरकाला सहज झाकून टाकतो. बुलेट पुलरने उघडा आणि चार्ज नव्याने मोजा. तोवर डब्यावर 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावा.