मदत हवी आहे: गाडीच्या बॉनेटमध्ये साप शिरलाय, सुरू करू की नको?

नमस्कार मंडळी. साखरप्याजवळ गावी आहे. उद्या सकाळी अप्पांना डोळ्यांच्या तपासणीसाठी आंबा घाटाने कोल्हापूरला न्यायचंय, म्हणून घाईत लिहितेय.

संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा पुढच्या डाव्या चाकापाशी साप वर चढताना दिसला. दिसला म्हणजे शेपूटच, पण हातभर तरी असेल. मातकट पिवळसर, टोकाकडे काळ्या आडव्या रेघा. अप्पा म्हणतात धामण. शेजारचे काका शपथेवर नाग सांगतात (त्यांना गांडुळातही नागच दिसतो). बघता बघता चाकावरच्या पोकळीत गेला. बाहेर येताना कोणी पाहिला नाही, पण आम्ही काही पहारा देत बसलो नव्हतो. म्हणजे आत आहे की गेला, तेच कळत नाहीये.

गाडी पडवीला लागून पत्र्याच्या शेडमध्ये असते. त्याच शेडमध्ये पेंढा आणि भाताची पोती, त्यामुळे उंदीर उदंड. मागे त्यांनी वायरिंग कुरतडलं तेव्हा सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मोठं बिल हातात दिलं आणि बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवा म्हणाले. पानं अजून आहेत, उंदीरही आहेत.

काका म्हणतात इंजिन चालू करून रेस करा, हॉर्न वाजवा, पळेल. मला वाटतं पंख्यात सापडून मरेल. फिनेल किंवा रॉकेल मारावं का? आणि मुख्य म्हणजे, गाडी चालवताना डॅशबोर्डमधून आत येऊ शकतो का? घाटाच्या वळणावर पायाशी साप, ही कल्पनाच नको.

स्पॅनर: सुरू करू नका. पट्ट्यात किंवा पंख्यात सापडला तर साप तर जाईलच, जखमी होऊन आणखी आत घुसला तर काढायला अर्धी गाडी खोलावी लागेल. रॉकेल अजिबात नको, गरम इंजिनवर आग लागेल.
बॉनेट उघडतानाच खरी काळजी घ्या. आतला खटका ओढल्यावर बॉनेट थोडं उचलतं आणि मग आपण सवयीने त्या फटीत बोटं घालून दुसरा खटका सोडवतो. आज तिथे बोटं घालायची नाहीत. बाजूला उभं राहून लांब पट्टीने किंवा काठीने सरकवा. काही गाड्यांत इंजिन तापलेलं असेल तर बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा आपोआप फिरतो, तेही लक्षात असू द्या.
केबिनमध्ये यायला सहसा वाट नसते, एसीचा फिल्टर मध्ये असतो. पण उंदरांनी वायरींच्या भोकांची रबरं कुरतडली असतील तर बारीक साप येऊ शकतो. ती एकदा तपासून घ्या.

रानवाट: शेपटीकडे काळ्या रेघा म्हणजे बहुतेक धामण. बिनविषारी, आणि ती उंदरांच्या मागावरच आली असणार. तरी नुसत्या शेपटीवरून कुणीही खात्री देऊ नये. तुमच्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं कमी नाही, आणि ते बोटभर फटीतही बसतं. हॉर्नचा उपयोग नाही. सापाला बाहेरचा कान नसतो, हादरे मात्र जाणवतात आणि तो आणखी आत दडतो.
वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा, जवळचा सर्पमित्र मिळेल. साप मारणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, हे काकांनाही सांगा. रात्री गाडीभोवती रांगोळी किंवा चुलीतली राख पातळ पसरून ठेवा. बाहेर पडला तर माग उमटेल. नाही उमटला तर आत आहे असंच धरून चाला.
कुणाला चावलाच तर आवळून बांधणं, कापणं काही नको. हातपाय न हलवता 108 ने ग्रामीण रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप ओळखायच्या नादात वेळ घालवू नका.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. राखेवर माग नव्हता. सकाळी देवरुखकडून सर्पमित्र आले. बॅटरीच्या मागे वेटोळं घालून बसली होती, धामणच, पुरुषभर लांब. त्यांनी पिशवीत घेतली आणि ओढ्यापलीकडे सोडली. काका आता म्हणतात, धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, गोठ्यापासून लांब सोडली ना? कोल्हापूरला त्यांच्याच गाडीतून गेलो, त्यामुळे वाद घातला नाही.
बॉनेटच्या आतला कापसासारखा थर कुरतडून उंदरांनी एअर फिल्टरच्या डब्यावर घरटं केलं होतं. त्याचं काय करू? विष ठेवू का?

स्पॅनर: विष नको. उंदीर एसीच्या नळीत जाऊन मेला तर वासाने गाडीत बसवणार नाही. घरटं काढताना हातमोजे घाला, त्यावर उंदरांचं मूत असतं आणि पावसाळ्यात लेप्टोचा धोका आहे. पाव इंची वेल्डमेश जाळी आणून खालून आणि चाकांवरच्या पोकळ्यांना मेकॅनिककडून बसवून घ्या, सायलेन्सर आणि पट्ट्यांपासून लांब. नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास एसीतून तुम्हालाच येईल.

रानवाट: आणि भाताची पोती आधी त्या शेडमधून हलवा. ती तिथे आहेत तोवर उंदीर येणार, आणि पुढची धामणही.