मालवणात कोरल पांढरं पडलं होतं, दरवर्षीची नोंद कशी ठेवायची?

खडपावरचो
नमस्कार मंडळी. मी मालवणचा, घरची होडी आहे, सीझनला भाऊ आणि मी पर्यटकांना स्नॉर्कलिंगला नेतो. गेल्या मे महिन्यात किल्ल्याच्या बाजूच्या खडपावर कोरलचे तीन मोठे गोटे पांढरेफटक दिसले, आधी ते तपकिरी होते हे मला पक्कं आठवतंय पण जुने फोटो काढून बघितले तर कोरल कुठे नीट आलेलंच नाही. दिवाळीनंतर परत गेलो तर एकाला रंग आल्यासारखा वाटला, एक शेवाळाने भरलाय, आणि तिसरा नेमका कुठला तेच सापडेना. फार वाईट वाटलं. आता वर्षभर नीट नोंद ठेवायची आहे, शास्त्रज्ञ लोक हे कसं करतात? महागडं सामान नाही माझ्याकडे.

ओहोटी_भरती
तिसरा सापडला नाही ना, तिथेच सगळी गोम आहे बघ. मी मरिन बायोलॉजी केलंय, आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं की जागा बदलली तर तुलना संपली. दहाबारा गोटे ठरव, प्रत्येकाला नंबर दे, जीपीएस आणि खोली लिहून ठेव आणि दर महिन्याला त्याच बाजूने, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढ, शेजारी एक पट्टी धरून म्हणजे आकार कळतो.

पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्याचं बरंचसं अन्न आणि रंग त्याच्यामुळे. पाणी तापलं की ते शैवाल बाहेर पडतं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसतो, पण वरचं पातळ कातडं जिवंत असतं आणि पाणी वेळेत निवलं तर रंग परत येतो, तुझ्या पहिल्या गोट्याचं बहुतेक तेच झालं. दुसरा गेला, मेलेल्या भागावरच तसं शेवाळ चढतं. म्हणून "पांढरं दिसलं" एवढंच लिहू नको, किती भाग पांढरा, किती फिकट, किती शेवाळलेला ते वेगवेगळं लिही.

रंगासाठी क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉचचं कार्ड मिळतं, त्यावर १ ते ६ छटा असतात, एका गोट्याची सगळ्यात फिकट आणि सगळ्यात गडद जागा बघून दोन आकडे लिहायचे. डोळ्याच्या अंदाजापेक्षा हे कितीतरी बरं. आणि खडपाचा एकूण हिशोब हवा असेल तर २० मीटरची टेप ताण, दर अर्ध्या मीटरला टेपखाली काय आहे ते लिही, जिवंत कोरल, मेलेलं, शेवाळ, वाळू, दगड. ४० नोंदी होतात, त्यात १० जिवंत कोरल असेल तर २५ टक्के.

तापमानाचं म्हणशील तर नोआ या अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेचे उपग्रहाचे नकाशे फुकट बघता येतात. नेहमीच्या सगळ्यात गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी १ अंश किंवा जास्त तापलं की किती अंश जास्त आणि किती आठवडे याची ते बेरीज करतात, हिशोब ४ वर गेला की ब्लीचिंगची, म्हणजे कोरल पांढरं पडण्याची भीती, ८ वर गेला की कोरल मरायला लागतं. पण उपग्रह वरचं पाणी बघतो, म्हणून जमलं तर तळाशी तापमान आपोआप नोंदवणारा छोटा लॉगर हवाच.

जुनो_तांडेल
बाबू, चाळीस वर्सा ह्याच पाण्यात गेली माझी. पाऊस सरल्यावर कर्ली नदीचा गढूळ पाणी किती दिस रवता ता पण लिव, कोरलाक खाडीचा गोडा पाणी आणि गाळ सोसणा नाय. आणि भांगाक जा, म्हणजे भरती-ओहोटी कमी असता तेवा, मोठ्या भरतीच्या उधाणाक नको. उधाणाक तळ ढवळता, फोटोत काय एक दिसाचा नाय.

निळाई
तांडेलकाकांचं बरोबर आहे, सगळं उष्णतेवर ढकलू नये. मी डायव्हिंग शिकवते, आणि नांगराने फुटलेलं, फिनने खरवडलेलं आणि पर्यटक वर उभे राहिल्याने तुटलेलं कोरल मी दर सीझनला बघते. ताजा तुटलेला भागही पांढराच दिसतो! त्यामुळे तुटलंय की फिकटलंय हा रकाना वेगळा ठेवा. आणि कृपा करून खिळे, टॅग काही ठोकू नका, कोरल वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे आणि मालवणचं अभयारण्य १९८७ पासूनचं, आधी वनखात्याला भेटा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या (एनआयओ) लोकांनी मालवणच्या ब्लीचिंगवर काम केलंय, त्यांनाही मेल करा. अँग्रिया बँक हे समुद्रातलं कोरलचं पठार विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आहे, तिथे दर महिन्याला कोण जाणार, तुमचं खडप तर दारात आहे आणि तुम्ही तसेही रोज पाण्यात असता.

खडपावरचो
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा गाळाचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, तोही रकाना घालतो. सोमवारी वनखात्यात जातोय, परवानगी लागते का ते विचारून मगच टेप लावेन, तोवर येत्या अष्टमीच्या भांगाला नुसतं पोहत जाऊन बारा गोटे ठरवतो आणि फोटो काढतो. भावाला सांगितलंय की त्या जागेवर नांगर टाकायचा नाही, वाळूत टाकायचा. एकच विचारायचंय, कार्ड पाण्याखाली धरायचं की फोटोवरून घरी जुळवलं तरी चालतं?

ओहोटी_भरती
पाण्याखालीच, गोट्याला न टेकवता अगदी जवळ धरून. खोलीवर लाल रंग उडतो, फोटोत सगळं निळसर येतं आणि घरी आकडा चुकतो.