दुपारचा गजर वाजतो, पण मी खुर्चीतून उठत नाही. काय बदलू?

जमाखर्च_सांगली

नमस्कार मंडळी. मी सांगलीत घरून हिशेब लिहिते, मार्केट यार्डातल्या पाच अडत्यांचे आणि दोन बेदाणेवाल्यांचे. मुलगी शाळेत गेली की साडेनवाला टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडते, ती परत येईपर्यंत तिथेच. काम मला मनापासून आवडतं. ताळा लागत नसेल तर जागेवरून उठवत नाही, आणि सगळं तिथेच बिघडलंय.

फेब्रुवारीत डाव्या कुशीत कळ आली. सोनोग्राफीत ५ मिलिमीटरचा मूतखडा निघाला. डॉक्टरांनी विचारलं, दिवसात पाणी किती पिता? मला सांगता आलं नाही. सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच असायचा. जेवण साडेतीनला, तेही ओट्याशी उभ्याने. मग मान जड, चारला चहा, साडेपाचला पुन्हा चहा, आणि रात्री एकपर्यंत टक्क डोळे उघडे.

म्हणून मोबाइलवर सात गजर लावले. ११ला पाणी. १२ला डोळ्यांना विसावा. सव्वाला जेवण. पावणेदोनला शतपावली. सव्वादोनला जरा आडवं होणं. सव्वातीनला पाणी. ४ला पाय मोकळे करणं. आठ दिवस छान गेले. अंग हलकं वाटायला लागलं, संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेताना चिडचिड कमी झाली. मग महिन्याची ११ तारीख आली, जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायचं होतं. त्यातून सावरते तोवर २० तारीख, थ्री-बीची, म्हणजे कर भरायच्या विवरणपत्राची.

त्या २० तारखेचं सांगते. एका अडत्याच्या एका बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, जीएसटीच्या टू-बी यादीत दिसत नव्हतं. सव्वाचा गजर वाजला आणि स्क्रीनवरची नजर न हलवता माझ्या हाताने तो बंद केला. पुढचे चारही तसेच गेले. साडेचारला स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई पाटावर बसलेल्या. जेवल्याच नव्हत्या, माझी वाट बघत होत्या. त्यांचं वय ७२, जेवणाआधी साखरेची गोळी असते. त्यांनी तीही घेतली नव्हती, कारण ‘तू आत्ता येशील’ असं त्या तीन तास म्हणत होत्या. मला त्या दिवशी घास गिळवला नाही.

तर विचारायचं ते असं. गजर किती ठेवावेत? आणि ऐन तंद्रीत गजर झाला की उठल्यावर परत सूर लागायला अर्धा तास जातो, त्याचं काय करता? ज्यांनी हे वर्षभर तरी टिकवलंय त्यांनी सांगा.

लालबाग_ते_पिंपरी

ताई, मी ६७ वर्षांचा आहे. पिंपरीतल्या कारखान्यात ३१ वर्षं काढली. त्याआधीचं बालपण लालबागच्या चाळीत. माझे वडील गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते.

आमच्या घरी घड्याळ नव्हतं, भोंगा होता. एक भोंगा घरून निघण्याचा, दुसरा गेट बंद होण्याचा. आई पहिल्या भोंग्याला डबा बांधायची आणि दुसरा झाला की आम्हाला उठवायची. वडील सांगायचे की सुट्टी झाली की खात्यातला आवाज थांबायचा आणि कान भणभणायचे, त्या शांततेत सगळे मिळून डबे उघडायचे. ज्यांची बायकामुलं गावाला होती त्यांचे डबे खाणावळवाल्या बायकांकडून यायचे. (याच बायकांना एकत्र आणून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणगाव त्यांच्या हातचं जेवून जगला, म्हणून ही आठवण इथे नोंदवतोच.)

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे आमच्या भागातले भोंगे एकेक करून गप्प झाले. वडील गावी गेले, राजापूरजवळ. तिथे ना गिरणी ना भोंगा. तरी अकरा वाजले की ते हातातली कोयती ठेवून हात धुवायला जायचे, आणि शेजारच्या वाडीतल्या काकांना हाक मारायचे, ‘चल, सुट्टी झाली.’ ते काकाही जुने गिरणीवालेच. शेवटपर्यंत हे चाललं.

मला त्यातून जे कळलं ते सांगतो. भोंगा एकट्या माणसासाठी वाजत नव्हता. तो झाला की शेजारचा उठायचा, समोरचा उठायचा, आणि बसून राहणाराच वेगळा दिसायचा. तुमचा मोबाइल फक्त तुमच्याशी बोलतो. तुम्ही त्याचं ऐकलं नाही हे कुणाला कळतसुद्धा नाही.

आणखी एक. १९४८च्या कारखाने अधिनियमात कलम ५५ होतं. सलग ५ तासांपेक्षा जास्त कामाला लावायचं नाही, त्याआधी किमान अर्धा तास सुट्टी. आमच्या कारखान्यात हे पाटीवर लिहिलेलं असायचं. ही सुट्टी कुणी मेहेरबानी म्हणून दिली नाही, माणसाचं शरीर काय सोसतं ते बघून कायद्यात आली. तुम्ही साडेनऊला बसता. पाच तास म्हणजे अडीच. त्यापलीकडे मशीनवरच्या माणसालाही बसवत नव्हते. घरी तुम्हीच मालक आणि तुम्हीच कामगार, मग त्या कामगाराची सुट्टी कोण कापतंय?

झेडपी_गुरुजी

मी परभणीकडच्या शाळेत शिकवतो. २०१९ साली केरळातल्या शाळांनी पाण्याची घंटा सुरू केली, ती बातमी वाचून आमच्या शाळेतही दिवसातून तीनदा घंटा देतो. आधी मी वर्गात नुसतं ‘पाणी प्या रे’ म्हणायचो, तेव्हा चार-पाच पोरं प्यायची. आता घंटा झाली की फळ्यावरचं लिहिणं मीच थांबवतो आणि माझी बाटली उघडतो. सगळा वर्ग पितो. मार्च-एप्रिलात ‘सर, डोकं दुखतंय’ म्हणणारी पोरं कमी झाली, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पाण्याचे दोन गजर काढून टाका ताई. एक लिटरची बाटली कीबोर्डच्या आड येईल अशी ठेवा. जेवायला उठताना ती रिकामी असली पाहिजे, एवढं बघा.

दोन_भाषा_एक_टेबल

मी नाशिकहून अनुवादाचं काम करते, घरूनच. दुपारचा गजर सव्वादोन वर्षं चालू आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, तंद्रीचं, उत्तर माझ्याकडे आहे असं वाटतं.

उठायच्या वेळेचा गजर मी लावतच नाही. त्याच्या दहा मिनिटं आधीचा लावते. तो वाजला की नवं वाक्य सुरू करायचं नाही, हातातलं पुरं करायचं, आणि चिठ्ठीवर लिहायचं: कुठे थांबले, पुढे काय. तुमच्या कामात ते ‘अमुक अडत्या, बिल ११२, टू-बीत नाही, त्याला फोन’ असं काहीतरी असेल. चिठ्ठी कीबोर्डवर ठेवायची. परत आल्यावर विचार करावा लागत नाही, चिठ्ठीत लिहिलंय ते करायचं. माझा तो अर्धा तास पाच मिनिटांवर आला. जेवताना डोक्यात काम घुमत राहायचं तेही थांबलं, कारण ते कागदावर उतरलेलं असतं. कुणी पोमोडोरो सुचवेल, म्हणजे २५ मिनिटं काम आणि मग छोटी सुट्टी. ते मी करून पाहिलंय. पत्रांना, किरकोळ कामांना उत्तम. जिथे एक धागा तासभर धरून ठेवायचा असतो तिथे मला ते जाचतं.

सातपैकी सहा गजर आज पुसून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात ते तपासलं होतं. अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ असा अंदाज निघाला. म्हणजे तुमचे आठ दिवस ही सुरुवातसुद्धा नव्हे. आणि त्यातलंच महत्त्वाचं: एखादा दिवस चुकला म्हणून घडी मोडली असं त्यांना दिसलं नाही. त्या २० तारखेला तुम्ही सगळं घालवलंत असं मनात घेऊ नका.

आडवं होणार असाल तर वीस मिनिटं, जास्त नाही. गाढ झोप लागली की उठल्यावर डोकं अधिक जड होतं. आणि साडेपाचचा चहा बंदच करा. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात, तुमचं रात्रीचं जागरण तिथूनच आहे.

जमाखर्च_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच लिहिलं नाही, कारण पुढची २० तारीख पार पडू द्यायची होती. काल ती झाली.

काका, तुमचं ‘सुट्टी कोण कापतंय’ वाचून मी बराच वेळ काही बोलले नाही. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘मग भोंगा मी वाजवते.’ त्यांच्या माहेरचं किल्लीचं घड्याळ कपाटात पडून होतं, ते दुरुस्त करून आणलं. रोज सकाळी त्याच किल्ली देतात. ते स्वयंपाकघरात फळीवर असतं, एकला वाजतं आणि बंद करायला तिथेच जावं लागतं. माझ्या मोबाइलवर आता एकच गजर आहे, पाऊण वाजताचा, चिठ्ठी लिहायचा.

आमच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावला, संध्याकाळी ७ला मंदिरावरचा भोंगा होतो आणि घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद होतात, मुलं अभ्यासाला बसतात. साडेआठला दुसरा भोंगा. २०२२पासून चाललंय. बातमी तेव्हाच वाचली होती, पण तो दुसरा भोंगा किती मोलाचा आहे हे आत्ता कळलं. सुट्टी कधी संपणार ते माहीत असलं की निवांत बसता येतं. म्हणून पावणेदोनलाही सासूबाई ते घड्याळ एकदा वाजवतात. तोवर टॅलीकडे जायचं नाही.

गुरुजी, बाटली कीबोर्डच्या आडच ठेवलीय. जेवायच्या आत एक होते, मुलगी येईपर्यंत दुसरी. तिसरी अजून जमलेली नाही. आडवं होण्याचंही नाही जमलं, ते सोडून दिलं. साडेपाचचा चहा बंद केला तेव्हा चार दिवस डोकं दुखलं, आता रात्री अकराला डोळा लागतो. पुढच्या महिन्यात सोनोग्राफी आहे, तेव्हा खड्याचं कळेल.

कालचं सांगते. २० तारीख, साडेबाराला एका बेदाणेवाल्याची राहिलेली बिलं आली, पिशवीभर. पाऊणला चिठ्ठी लिहिली, ‘पिशवी, तासगाव, वरून सातवं बिल’. एकला आत घड्याळ वाजलं. मी उठेपर्यंत सासूबाईंनी ते बंद केलं नाही, वाजूच दिलं. पानं घेतली होती, गोळीची डबी त्यांच्या पानाशेजारी उघडी होती.