अँजिओप्लास्टीनंतर किती दगावले, याची पाटी दवाखान्याबाहेर लावावी का?

धानोरा नाका
नागपुरातल्या प्रत्येक कॅथलॅबवाल्या (हृदयाच्या बंद धमन्या उघडायची सोय असलेल्या) दवाखान्यानं पाटी लावावी: वर्षात किती अँजिओप्लास्ट्या (बलूननं धमनी उघडणं) केल्या अन् ३० दिवसांत त्यातले किती गेले. स्टेंटची (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीची) कमाल किंमत सरकारनं २०१७ मध्येच बांधून दिली. किंमत कळते, निकाल कळत नाही. जनआरोग्य योजनेत पैसा सरकारी, मग हिशेब काऊन नाही?

टेबलाशेजारचा
पाटी लागली की पहिला बळी शॉकमधल्या, म्हणजे हृदयाचा पंपच ढेपाळलेल्या पेशंटचा. बीपी ८०, हातपाय गार, लघवी बंद. धमनी वेळेत उघडली तरी अशा दहातले चार-पाच जातात. नाही उघडली तर आणखी जास्त. आकडा जपायचा तर त्याला ‘बेड नाही’ म्हणणं सगळ्यात सोपं. न्यूयॉर्क राज्यात नव्वदच्या दशकापासून असे आकडे जाहीर होतात. डॉक्टर शॉकच्या केसेस टाळतात अशी ओरड झाली, तेव्हा त्या हिशेबातून वगळाव्या लागल्या.

धानोरा नाका
मग शॉकचा रकाना वेगळा करा ना भाऊ. आज उलटाच खेळ चालतो. स्थिर अंजायनाच्या (श्रम केल्यावरच छातीत दुखणाऱ्या), तारीख ठरवून केलेल्या केसेस अटॅकच्या केसेसमध्ये मिसळल्या की टक्का आपोआप खाली येतो. अशा स्थिर पेशंटमध्ये स्टेंटनं मृत्यू कमी होत नाहीत, हे २००७ च्या करेज चाचणीतच दिसलं होतं.

रेफर चिठ्ठी
तुम्ही दोघंही घड्याळ नागपूरच्या दारात सुरू करताय. अमेरिकेत दवाखान्याच्या दारापासून बलूनपर्यंतचा वेळ चार वर्षांत ८३ वरून ६७ मिनिटांवर आला. दवाखान्यातले मृत्यू ४.८ टक्क्यांवरून ४.७, म्हणजे जिथल्या तिथं. गडचिरोली जिल्ह्यातलं सिरोंचा ते नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ताच बंद. १२० मिनिटांत बलून होणार नसेल तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन जवळच्याच दवाखान्यात द्यायचं अन् मग १०८ हलवायची.

टेनेक्टेप्लेस, म्हणजे हे गाठ विरघळवणारं औषध, वजनावर असतं: ६० किलोच्या आत ३० मिग्रॅ, पुढं दर १० किलोला ५ वाढवत ९० किलोला ५०. पंचाहत्तरीपुढं निम्मं. कुपी गोल फिरवायची, हलवून फेस करायचा नाही. लाईनमध्ये डेक्स्ट्रोज (साखरेचं पाणी) असेल तर औषध साकळतं, म्हणून आधी-नंतर मिठाच्या (नॉर्मल) सलाईननं धुवायची. ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी. एसटी (ईसीजीतला वर चढलेला भाग) निम्म्यानंही उतरला नसेल तर थांबायचं नाही, थेट कॅथलॅब. उतरला तर २ ते २४ तासांत अँजिओग्राफी (धमन्यांचा फोटो).

टेबलाशेजारचा
कागदावर सोपं आहे, बापा. २०१३ च्या स्ट्रीम चाचणीत इंजेक्शन दिलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना तातडीची अँजिओग्राफी लागलीच. मेंदूत रक्तस्राव १ टक्का, थेट अँजिओप्लास्टीत ०.२. वजन नजरेनं ठरवलं की हा धोका आणखी वाढतो. कळ पोटात आली तर ‘ॲसिडिटी’ म्हणून कमरेत डायक्लो (दुखणं थांबवायचं इंजेक्शन) टोचलेलं असतं, अन् गाठ विरघळवणाऱ्या औषधानंतर तिथंच रक्त साकळून गोळा येतो.

रेफर चिठ्ठी
म्हातारपणी निम्मा डोस हा नियम त्याच चाचणीच्या मधातच आला, रक्तस्राव दिसल्यावर. अन् तुमच्या दोन्ही तक्रारींवर उपाय आहे: वजनकाटा, अन् छातीत कळ असताना स्नायूत इंजेक्शन न देणं. तामिळनाडूत छोटी अन् मोठी रुग्णालयं जोडून ‘आधी इंजेक्शन, मग कॅथलॅब’ असं केलं, तेव्हा एका वर्षातले मृत्यू १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आले.

मोहफूल
३० दिवसांचा आकडा आणणार कोण? दवाखाना सुट्टीपर्यंतच मोजतो. माणूस घरी येतो, १५ दिवसांच्या गोळ्या संपतात, उपकेंद्रात टिकाग्रेलोर (स्टेंटमध्ये गाठ होऊ न देणारी गोळी) मिळत नाही, ॲस्पिरिनवर भागवतात अन् स्टेंट बंद होतो. तो मृत्यू कोणाच्याच पाटीवर नाही. सुट्टीच्या कार्डावरच लिहा: ही गोळी मिळाली नाही तर बंद करू नका, त्याच कामाच्या क्लोपिडोग्रेलवर बदलून घ्या, लोडिंग (सुरुवातीचा मोठा) डोस डॉक्टरला विचारा.

धानोरा नाका
ठीक, पाटीला रकाने वाढवू: कळ कधी सुरू, पहिला ईसीजी कधी, इंजेक्शन कधी, बलून कधी, शॉक होता का, ३० व्या दिवशी जिवंत का.

टेबलाशेजारचा
पाटीला माझा विरोध कायम. हे रजिस्टरमध्ये भरा, दारावर नको. अन् पहिला रकाना कसा भरणार? नातेवाईक ‘सकाळपासून’ एवढंच सांगतात.

मोहफूल
असं विचारलं तर तेच सांगतील. ‘ढोरं सोडायच्या आधी दुखलं का नंतर?’ असं विचारा. अर्ध्या तासाच्या फरकानं वेळ सापडते.