पन्नाशीत नोकरी सोडायची आहे, हिशेब तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा. वय ४२, कुपवाड एमआयडीसीत नोकरी. बायको किराणा, दूध, गॅस, मुलीची क्लासची फी सगळं एका लाल वहीत लिहिते. वर्षभराची बेरीज मारली तर महिना ३५ हजार पडतात.

निवृत्तीआधी वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम साठवावी, असा एक नियम सांगतात. त्या हिशेबाने आज १ कोटी ५ लाख. पण ६ टक्के महागाई धरली तर ८ वर्षांनी हाच खर्च ५५-५६ हजारांवर जातो, आणि रक्कम १ कोटी ६७ लाखांच्या घरात. शिवाय हा २५ पटीचा नियम अमेरिकेतल्या आकड्यांवरून, ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी काढलेला. मला ४० वर्षं काढायची आहेत. मग ३० पट धरू की ३५?

दुसरं, नोकरी सुटली की कंपनीचा आरोग्य विमा जाणार. आईचा मिरजेतला ऑपरेशनचा खर्च भरताना एफडी मोडावी लागली होती, ती धास्ती अजून आहे. स्वतःची पॉलिसी आत्ताच काढावी ना?

पीपीएफ आणि इंडेक्स फंडाची एसआयपी चालू आहे. ज्यांनी खरंच लवकर नोकरी सोडलीय, त्यांनी पहिली दोन-तीन वर्षं पैसे कुठून काढले, तेवढं कृपया सविस्तर सांगा.